सावली नेमकी कुठे संपते?

शाळेच्या प्रकल्प-प्रदर्शनात गेले की माझी नजर खोडलेला आकडा शोधत फिरते. तो सहसा सापडत नाही. तक्ते स्वच्छ असतात, सगळीकडे एकाच हातचं सुरेख अक्षर असतं, प्रतिकृती मन लावून रंगवलेली असते आणि शेजारी उभी असलेली चार-पाच मुलं आपापल्या वाट्याला आलेला परिच्छेद धडाधडा म्हणून दाखवतात. मुलांनी मेहनत घेतलेली असते, कौतुक व्हायलाच हवं. पण हे करताना ती कुठे अडली, कशावरून त्यांची जुंपली, कोणी कोणाचं म्हणणं खोडून काढलं आणि शेवटी कोणाचं मत बदललं, याचा त्या टेबलावर मागमूसही नसतो.

मला वाटतं, अकरा-बारा ते चौदा-पंधरा या वयातल्या मुलांना गटात प्रकल्प द्यायचा तो नेमका त्या जुंपण्यासाठी. तक्ता काय, एकटं मूलही करतं. घरची मोठी माणसं तर त्याहून छान करून देतात. चार मुलं एका प्रश्नाभोवती बसली आणि त्यांच्यात खरा मतभेद झाला, तर त्यातून जे हाती लागतं ते एकट्याला मिळत नाही. बाकीचं सगळं, म्हणजे साहित्य, वेळापत्रक, सादरीकरण, हे त्या मतभेदाला जागा करून देण्यासाठी.

मी विज्ञान शिकवते. माझ्या आवडीचा एक प्रकल्प आहे: शाळेच्या मैदानावर खरी मध्यान्ह किती वाजता होते? घड्याळातले बारा आणि सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ क्वचितच जुळतात, हे बहुतेक मुलांच्या ध्यानीमनी नसतं. साहित्य अगदी साधं: एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा, खडू, मोजपट्टी, घड्याळ. काठी ओळंब्यात उभी करायची, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची आणि लांबी लिहून ठेवायची. सावली सर्वांत आखूड असेल ती मध्यान्ह. सांगायला दोन मिनिटं पुरतात.

एका गटात पहिल्याच खुणेला वाद सुरू झाला. सूर्य तेव्हा क्षितिजापासून साधारण ४५ अंश वर आला होता.

“अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर,” मोजपट्टी धरलेली मुलगी म्हणाली.

“छे, जवळजवळ शंभर. तू अलीकडेच थांबलीस.”

“मी कशाला थांबेन? सावलीच तिथे संपते.”

“संपत नाही गं, फिकी होत जाते. नीट बघ.”

“बाई, खरा आकडा कोणता?”

मी आकडा सांगितला नाही. तुम्ही तिघं कुठे थांबलात, तिथे प्रत्येकाने बोट ठेवा, एवढंच म्हणाले. तीन बोटं तीन जागी टेकली. पहिलं आणि शेवटचं यांच्यात दोन सेंटिमीटरचं अंतर होतं. आता भांडण कोणाचं बरोबर यावरून नव्हतं, सावली नेमकी कुठे संपते यावर आलं होतं, आणि तो प्रश्न खरोखरच अवघड आहे. सूर्य हा आकाशातला ठिपका नाही. पृथ्वीवरून तो साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे काठीच्या टोकाजवळ एक पट्टा असा असतो की तिथून सूर्य थोडा दिसतो आणि थोडा काठीआड जातो. सूर्य ४५ अंशांवर असताना एक मीटर काठीच्या सावलीचा हा पुसट पट्टा जवळजवळ दोन सेंटिमीटर भरतो. तिन्ही बोटं त्याच पट्ट्यात होती. तिघंही आपापल्या परीने बरोबर होती.

खूप वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं की गडद सावली जिथे संपते तिथेच प्रत्येक वेळी खूण करायची. त्यावर एक जण म्हणाला, पण तीच चुकीची जागा असेल तर? आणि तोवर गप्प बसलेला दुसरा मुलगा म्हणाला, “असू दे चुकीची. सगळीकडे सारखीच चुकीची असेल. आपल्याला फक्त सर्वांत आखूड कोणती ते बघायचंय.”

हे वाक्य ऐकून मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही. मोजमापातली सततची, एकाच दिशेची चूक आणि दर वेळी वेगळी होणारी चूक यांतला फरक पुढच्या वर्गांत व्याख्या म्हणून येतो आणि मुलं तो पाठ करतात. इथे एका तेरा वर्षांच्या मुलाला तो स्वतःहून सुचला, कारण त्या क्षणी त्याला त्याची गरज होती. एकटा असता तर त्याने वहीत ९८ लिहून पुढची खूण केली असती. प्रश्न पडला तो तीन बोटांमुळे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बारीक छिद्र पाडलेला पुठ्ठा दिला आणि काठीच्या टोकाला लावायला सांगितला. पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा छोटा गोलसर ठिपका पडला. तो म्हणजे सूर्याचीच प्रतिमा. त्याचा मध्य सहज धरता येतो. मग त्यांना ग्वो शौजिंगची गोष्ट सांगितली. तेराव्या शतकातला हा चिनी खगोलशास्त्रज्ञ. त्याने सावली मोजायचा खांब नेहमीच्या पाचपट उंच केला. उंच खांबाची सावली लांब पडते, मोजणी बारकाईने करता येते. पण टोकही तितकंच जास्त पुसटतं. त्यावर त्यानेही बारीक छिद्राचाच उपाय केला होता. ही गोष्ट मी मुद्दाम मागाहून सांगते. आदल्या दिवशी भांडलेल्या मुलांना तो माणूस आपल्यातलाच वाटतो. आधी सांगितली असती तर ती नुसती माहिती झाली असती.

अशी संभाषणं गट केला म्हणजे आपोआप होतात, असं मात्र अजिबात नाही. उलट चार मुलांना एकत्र बसवलं की सहसा काय होतं हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. एक जण सगळं करतो, एक जण सूचना देतो, एक जण शीर्षक रंगवतो आणि चौथा खिडकीबाहेर बघतो. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून त्यांचं बळ मोजलं आणि १९१३ साली आकडे प्रसिद्ध केले. आठ जण मिळून ओढत असताना प्रत्येकाचं बळ एकट्याने ओढतानाच्या जेमतेम निम्मं भरत होतं. काही अंशी याचं कारण असं की सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. पण तेवढंच नाही. १९७४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांचे डोळे बांधले आणि मागे आणखी माणसं ओढताहेत असं त्यांना भासवलं. प्रत्यक्षात ती एकटीच ओढत होती. तरी त्यांचा जोर कमी झाला.

आपल्या कामाचा वाटा वेगळा दिसणार नाही हे कळलं की हात सैल पडतो. यात मुलांना आळशी म्हणण्यासारखं काही नाही; मोठ्यांचंही तेच होतं. म्हणून ‘सगळ्यांनी मिळून करा रे’ असं सांगून भागत नाही. कामच असं आखावं लागतं की कोणाचाही वाटा दुसऱ्याला उरकून टाकता येऊ नये.

याचा एक नमुना एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात तयार केला. तिथे काळ्या, गोऱ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात बसवलं होतं आणि वर्गात तेढ होती. अॅरन्सनने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्र-संपादकाचं चरित्र होतं. कोणाकडे त्याचं बालपण, कोणाकडे त्याची पत्रकारिता. पूर्ण धडा कोणाकडेच नाही आणि पुढे परीक्षा सगळ्या धड्यावर. एक मुलगा बोलताना अडखळू लागला तशी बाकीची त्याला चिडवू लागली. मग त्यांना आठवण करून दिली गेली की त्याच्याकडचा भाग तुम्हाला दुसरीकडून मिळणार नाही. हळूहळू ती मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली. मला या गोष्टीत हे प्रश्न विचारणंच सर्वांत मोलाचं वाटतं. अडखळणाऱ्याला बोलतं करायचं तर आधी आपल्याला काय कळलेलं नाही ते ओळखावं लागतं.

मी सगळ्या प्रकल्पाचे असे तुकडे पाडत नाही. पण एक पथ्य पाळते. कोणतीही नोंद घेणारा आणि तिचा अर्थ लावणारा, ही दोन वेगळी मुलं असतात. त्यामुळे ‘हे काय लिहिलंयस?’ हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि विचारला की समजावून सांगावं लागतं. नोरीन वेब या अमेरिकी संशोधिकेने गणिताच्या वर्गांतल्या गटांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपलं. तिच्या कामातून दिसलं की दुसऱ्याला कारणांसकट समजावून सांगणारं मूल सर्वांत जास्त शिकतं, आणि ज्याला नुसतं उत्तर हातात ठेवलं जातं ते जवळजवळ काहीच शिकत नाही. ‘हुशार मुलांना गटात टाकून त्यांचं नुकसान करता’ असं म्हणणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते. अर्थात हुशार मूल बाकीच्यांना उत्तरं वाटत सुटलं, तर त्या पालकांची तक्रार खरी ठरते.

आणि आता गटात गप्प राहणाऱ्या मुलाकडे येते, कारण माझा जीव खरा तिथे अडकतो.

या वयात मुलांना शिक्षकांपेक्षा बरोबरीच्यांची फिकीर जास्त असते. कोण हुशार, कोण ढ, कोणाचं ऐकायचं, कोणाचं हसण्यावारी न्यायचं, ही उतरंड वर्गात ठरलेली असते आणि गट केला की ती जशीच्या तशी गटात येते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एलिझाबेथ कोहेन यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण असं: ज्या मुलाला बाकीचे हुशार समजतात तेच जास्त बोलतं; जे जास्त बोलतं तेच जास्त शिकतं; आणि जास्त शिकल्यामुळे ते पुन्हा हुशार ठरतं. म्हणजे दरी बुजवायला म्हणून केलेला गट ती रुंद करू शकतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या वर्गातले कितीतरी चेहरे डोळ्यांसमोर आले.

कोहेन यांनी सुचवलेल्या उपायांपैकी एक मी मनापासून वापरते. कमी लेखल्या जाणाऱ्या मुलाने खरोखर चांगलं काही केलं, तर ते तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर आणि नेमक्या शब्दांत सांगायचं. ‘शाब्बास’ म्हणून चालत नाही. शाब्बासकी मुलं दुसऱ्या मिनिटाला विसरतात. सावलीच्या प्रकल्पात असा एक मुलगा होता. वाचताना अडखळायचा, म्हणून गटाने त्याच्या हाती खडू देऊन त्याला खुणा करायला बसवलं होतं. मी बघत होते. तो प्रत्येक खुणेआधी ओळंबा लावून काठी कलली नाही ना हे तपासत होता. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी गटाला म्हणाले, “तुमच्या दुपारच्या नोंदींवर विश्वास ठेवता येतो तो याच्यामुळे. काठी जराशी जरी कलली असती तरी सगळे आकडे वाया गेले असते, आणि हे याच्या एकट्याच्या लक्षात होतं.” त्यानंतर आकडे जुळेनात तेव्हा गटातली मुलगी आधी त्याच्याकडे वळली. “तू बघितलं होतंस ना?” तिने विचारलं. तो सांगू लागला. बोलता बोलता त्याला मोजपट्टीचं शून्य कुठे धरलं जातं यातली गफलतही सापडली. वाचन त्याचं त्यामुळे सुधारलं नाही. त्यासाठी वेगळी मेहनत लागते आणि ती आम्ही घेतो. पण आपण विचार करू शकतो हे त्याला आणि बाकीच्या तिघांनाही कळलं.

हे टिपायचं तर शिक्षकाला गटाजवळ असावं लागतं. प्रकल्प म्हणजे मुलं आपापली शिकतात आणि शिक्षक बाजूला होतो, ही समजूत कुठून आली कोण जाणे. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९१८ साली आपल्या गाजलेल्या लेखात प्रकल्प-पद्धत मांडली तेव्हा मुलाच्या मनातला हेतू हाच तिचा गाभा मानला होता. त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांची शिकागोतली प्रायोगिक शाळा त्याआधीच, १८९६ मध्ये सुरू झालेली. तिथल्या मोठ्या मुलांना आपल्या मंडळांसाठी जागा हवी होती, म्हणून त्यांनी क्लबचं घर स्वतः आखलं आणि बांधायला घेतलं. हेतू मुलांचाच होता, पण शिक्षक जवळ होते. मुलांवर सगळं सोडून मोठ्यांनी बाजूला व्हावं, हे ड्यूईंना कधीच मान्य नव्हतं.

टीकाकारांचंही मी ऐकते. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा शिक्षण-संशोधकांनी ठासून लिहिलं की विषयात नवख्या असलेल्या मुलाला फारशी मदत न देता शोधायला सोडलं, तर त्याची सगळी शक्ती चाचपडण्यात जाते. हे मला पटतं. कोन कसा मोजायचा हे ज्याला येत नाही, त्याने सूर्याची उंची काढावी ही अपेक्षाच चुकीची. इंग्लंडमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. प्रकल्पातून शिकवल्यामुळे वाचन-लेखनात किंवा शिकण्यातल्या गोडीत स्पष्ट फरक दिसला नाही. गरीब घरच्या मुलांच्या वाचन-लेखनाचं थोडं नुकसानच झालं असावं, असंही अहवालात नोंदवलं आहे. जवळपास निम्म्या शाळांनी तर तो उपक्रम मध्येच सोडला. याउलट अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात सहावीच्या मुलांना विज्ञानाचा प्रकल्पाधारित अभ्यासक्रम दिला गेला, तोही बारकाईने बांधलेला आणि शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण देऊन. ती मुलं नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांपेक्षा पुढे गेली.

दोन्ही निकाल मला खरे वाटतात. प्रकल्प हे औषध नाही की दिलं आणि गुण आला. आधी थेट शिकवायला हवं तेवढं मी थेट शिकवते: ओळंबा कसा धरायचा, मोजपट्टीचं शून्य कुठे असतं, कोष्टक कसं आखायचं. फळ्यावर, सगळ्या वर्गाला, एकदम. जे सांगून कळतं ते सांगावं. जे तीन बोटांशिवाय कळत नाही तेवढंच गटावर सोडावं. ते काय काय आहे हे ओळखणं हीच माझ्या लेखी प्रकल्पाची खरी तयारी आहे आणि तिला सुट्टीचे दिवस लागतात. कोणतंही परिपत्रक ती करून देत नाही.

गुणांचं एकदाच सांगते. गटाला मिळून एकच गुण देणं मला अन्यायाचं वाटतं आणि मी तो देत नाही. रॉबर्ट स्लाव्हिन या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी सहकार्याने शिकण्यावरचे अभ्यास तपासून दोन अटी पुढे आणल्या: गटाचं एक सामाईक उद्दिष्ट हवं आणि प्रत्येकाचं शिकणं स्वतंत्रपणे तपासलं गेलं पाहिजे. यांतली एक जरी गळली तरी फायदा फारसा उरत नाही. म्हणून सादरीकरणाच्या दिवशी कोण कोणता भाग सांगणार हे मी आयत्या वेळी ठरवते. आणि प्रत्येकाच्या वहीत रोज दोन ओळी असाव्या लागतात: आज आमचं कशावर जमलं नाही आणि मग काय ठरलं. या ओळी मी सर्वांत काळजीपूर्वक वाचते. ‘आज काही वाद झाला नाही’ असं सलग दिसू लागलं की मी त्या गटाजवळ जाऊन बसते.

एक मुलगी मला स्पष्टच म्हणाली होती, “बाई, मला एकटीला करू द्या. यांच्यासोबत फार वेळ जातो.” तिचं म्हणणं खरं होतं. ती झपाट्याने विचार करते आणि गटात सगळ्यांसाठी थांबावं लागतं. अशा मुलांना ‘जुळवून घ्यायला शिक’ असं सांगून गप्प करणं मला बरोबर वाटत नाही. वाचन, आकडेमोड, पहिला मसुदा, ही कामं एकांतातच चांगली होतात आणि तो एकांत शाळेने द्यायला हवा. मी तिला दोन तास ग्रंथालयात बसू दिलं.

ती परत आली ती एक उत्तम कल्पना घेऊन. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी इतकी सावकाश बदलते की सर्वांत आखूड सावली कोणती हे ठरवताच येत नाही. तर आपण तिच्या मागे लागूच नये, तिने मांडलं. सकाळी सावली जेवढी होती, तेवढीच दुपारी पुन्हा केव्हा होते ते बघायचं आणि त्या दोन वेळांच्या बरोबर मधली वेळ काढायची. गटातल्या तिघांनी ते समजून घेतलं, तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग खडूवाल्या मुलाने विचारलं, “सकाळची वेळ माझ्या घड्याळातली आहे. दुपारची कोणाच्या?”

दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली. तीन मिनिटांचा फरक निघाला. म्हणजे तिची मध्यान्ह दीड मिनिटाने सरकली होती. तिने तिथेच बसून सगळी जोडी पुन्हा मांडली. तिला अजूनही एकटीने काम करायला आवडतं आणि मी तिला तेवढा वेळ देत असते. अट एकच घातली आहे: उत्तर फळ्यावर जाण्याआधी ते त्या तिघांसमोर ठेवायचं.